कपाटावरचे सगळे एक्सरे

२ डिसेंबर
काल डिस्चार्ज. घरी नाही. गौरीकडे, माजिवड्याला. लेकीचं घर चांगलं आहे, अकरावा मजला, लिफ्ट, वारा. पण मला विचारलं नाही कुणी. अॅम्ब्युलन्सवाल्याला पत्ता जावयाने दिला. मी आडवा, म्हणजे पार्सल.

निघताना मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशननंतरचा एक्सरे दाखवला. मला नाही, जावयाला. संदेश त्या उजेडाच्या पेटीसमोर उभा राहून मान हलवतोय, मोबाईलवर फोटो काढतोय, डॉ. पेनाने काहीतरी दाखवतायत. खुबा माझा. पलंगावरून म्हटलं, मलाही कळतं थोडंफार. "काका, तुम्ही रिलॅक्स राहा." तेहतीस वर्षं चित्रकला शिकवली मी. आकृती मला समजत नाही आणि बँकेतल्या माणसाला समजते.

सह्या मात्र माझ्याच घेतल्या. चार ठिकाणी.

३ डिसेंबर
लिहूनच ठेवतो. येणारा प्रत्येक जण विचारतो आणि गौरी प्रत्येकाला वेगळं सांगते.

डावा खुबा. सोळा वर्षांपूर्वी बदललेला. आतली वाटी झिजली, सैल झाली आणि भोवतालचं हाड खात गेली. आता जुनी वाटी काढली. खड्ड्यात हाडाचा चुरा ठासून भरला. त्यावर नवी वाटी, स्क्रू लावून. चुरा माझा नव्हे. दुसऱ्या कुणाचा तरी खुबा बदलताना काढलेलं हाड, बोन बँकेत गोठवून ठेवलेलं. कुणाचं, म्हणून विचारलं. सांगत नाहीत. बाई की पुरुष एवढं तरी? तेही नाही.

हा चुरा जिवंत नसतो म्हणे. माझं हाड त्यात हळूहळू शिरणार, त्याची जागा घेणार. वर्ष लागेल. शिरलं तर. नाहीतर चुरा दबतो, वाटी कलते, आणि मग तिसरं ऑपरेशन. तेव्हा भरायला कडाही उरलेल्या नसतील. हे शेवटचं मला असिस्टंटने सांगितलं, ते पण मी त्याचा कोट धरल्यावर.

मला यातून एकच हवंय. डोंबिवलीचं माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, अठ्ठावन्न पायऱ्या. त्या चढून जायचंय. बाकी कुणाला काय सांगायचं ते गौरी सांगू दे.

१० डिसेंबर
फिजिओ मुलगी येते, ब्लांच. इथल्याच जुन्या ख्रिस्ती वस्तीतली. घरात बाथरूममधला वजनकाटा मागितला आणि डावा पाय त्यावर ठेवायला लावला. "अंकल, पाय टेकायचा, वजन नाय द्यायचा. खाली पापड हाय समजा. पापड मोडला नाय पायजे."

काटा लगेच बारा किलोवर. पापडाचा भुगा.

"तुमी रागात पाय टेकता," म्हणाली. आता पाय टेकायलाही स्वभाव सुधारायचा. पण पोरगी चांगली आहे. माझ्याशी बोलते, गौरीशी नाही.

१९ डिसेंबर
बायको, म्हणजे उषा (पुढे उ. एवढंच लिहीन, हात अवघडतो), दर गुरुवारी डोंबिवलीला जाते. घर झाडायला, कुंड्यांना पाणी घालायला. नऊला जाते ती सहाला येते. दोन कुंड्या आहेत. विचारलं, एवढा वेळ काय करतेस. "बसते," म्हणाली. कुठे बसते, कशाला बसते, पुढे काही नाही. मी इथे घोटभर पाण्यासाठी हाका मारतोय आणि ही तिकडे बसते.

५ जानेवारी
सहा आठवडे झाले. आज एक्सरे होता. सकाळी नऊपासून व्हीलचेअरवर तयार. पोचल्यावर कळलं, एक्सरेचं मशीन बंद. इंजिनिअर यायचाय. मोठे डॉ. कॉन्फरन्सला. असिस्टंटने जखम बघितली, पाय उचलून बघितला, म्हणाला, "छान आहे, आता थेट तीन महिन्यांनी करू."

कसं छान? आत बघितलंत? "बाहेरून छान आहे ना काका, मग आतूनही असणार." हे ऐकून मी जे बोललो ते गौरीला आवडलं नाही. गाडीत माझ्याशी बोलली नाही. मलाही बरंच वाटलं.

आता वॉकरने, दहा किलोपर्यंत.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन गोड बोलायचा दिवस, म्हणून दार लोटून बोलत होती मंडळी. मी बहिरा नाही. गौरीच्या ऑफिसातली कुणी एक आहे, तिला डोंबिवलीत घर हवंय राहायला. आमचं "तसं बंदच आहे".

बंद आहे? माझा रंगांचा खण तिथे आहे, माझी खुर्ची आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे, माझ्याच अक्षरातली. मी वॉकर आपटत बाहेर आलो. गौरी म्हणाली, "बाबा, फक्त विचार चाललाय. तीन जिने तुम्हाला आता जमणारेत का? आणि आईपण हो म्हणालीय."

उ. तिळगुळाचा डबा पुसत होती. हो म्हणालीस? "मी बघू म्हटलं." बायकांचं बघू म्हणजे काय ते मला चाळीस वर्षांत कळलंय. लिफ्ट आवडली तिला. खाली बाग आहे, भाजीवाला दारात येतो. माझी जुनी हाडं तिकडे घेऊन जायचं कशाला.

तिळगुळाला हात लावला नाही.

२९ जानेवारी
डोंबिवलीच्या बिल्डिंगमधून नेने वहिनींचा फोन. पाडव्याला यंदा कोपऱ्यापासून देवळापर्यंत रांगोळी काढायचं ठरलंय. "सर, छापे तुमचेच लागणार हो. तुमच्यासारखे बाजारात नाही मिळत." दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी करायला सांगितलं.

बाजारात मिळणारच नाहीत. ते प्लॅस्टिकचे असतात, दोनदा वापरले की वाकडे. मी एक्सरेच्या फिल्मवर कापतो. धुऊन काच करायची, कटरने नक्षी काढायची. वीस वर्षं टिकतात. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे मोडलेले हातपाय माझ्या कमळांत आणि गोपद्मांत आहेत.

उ. ला डोंबिवलीहून माझे जुने एक्सरे आणायला सांगितलं, पहिल्या ऑपरेशनच्या वेळचे. फोनवर म्हणाली, पाच आहेत. पाच पुरतील.

३ फेब्रुवारी
उ. ने गठ्ठा आणून गेस्ट रूममधल्या कपाटावर ठेवला होता. आज म्हटलं, कपाटावरचे एक्सरे काढ, धुवायचेत. स्टुलावर चढून विचारते, "सगळे?" सगळे. "सगळे म्हणजे..." अगं सगळे म्हणजे सगळे, दहा वेळा काय विचारतेस. काढून दिले.

बाथरूममध्ये उंच खुर्चीवर बसून टबात गरम पाणी, धुण्याचा सोडा. पालथेच टाकले. स्वतःची हाडं बघायला मला आवडत नाही. जुन्या फिल्मचा काळा थर दहा मिनिटांत सुटला. एक मात्र हट्टी. सोडा नाही, ब्लीच नाही, शेवटी तारेच्या घासणीने अर्धा तास. घासायला मजा आली. हाताला काम पाहिजे माणसाच्या. सहा लखलखीत काचा झाल्या. ओळीने वाळत घातल्यात, गौरी म्हणते बाल्कनीचा काय अवतार केलाय.

११ फेब्रुवारी
चार छापे झाले. कमळ, कासव, वेल, आणि एक मोर ज्याच्या पिसाऱ्याला तीन दिवस लागले. हट्टी फिल्म सगळ्यात चांगली निघाली, जरा जाड आहे, तिच्यावरच मोर काढला. ब्लांचला दाखवला. "अंकल, हे तुमी बेडवर बसून केला? मंग तुमी बरे हायेत."

पंधरा किलो. पापड मोडला नाही.

१८ फेब्रुवारी
सगळे सहा तयार. उ. उद्या नेऊन देईल. पिशवीत भरताना मोराकडे बघत राहिली. चांगला झालाय ना? "हं." कौतुक करायला जीभ झिजते का.

२५ फेब्रुवारी
तीन महिने. एक्सरे झाला. मशीन चालू होतं, उपकार.

मोठ्या डॉ. नी या वेळी मला समोर बसवलं, फिल्म लावली. मग असिस्टंटशी इंग्रजीत. मी म्हटलं, मराठीत बोला, वाटी माझी आहे.

तर असं. वाटी थोडी उभी दिसते आहे. वरच्या अंगाला कललेली. म्हणाले, "दोन शक्यता आहेत. हाड कमी होतं, मला मिळेल तिथे बसवावी लागली, तेव्हा मीच तशी बसवली असेन. तसं असेल तर उत्तम, हाड लागतंय, एप्रिलमध्ये जिने चढा. किंवा तेव्हा सरळ होती आणि आता कलली. मग चुरा दबतोय."

कुठली? "पहिला एक्सरे शेजारी लावला की कळेल. आणलाय?"

जावयाने फाईल उघडली. लिफाफा आहे, आत औषधांची चिठ्ठी. एक्सरे नाही.

मोबाईलवरचा फोटो दाखवला. तिरका काढलाय, खालचा भाग कापलेला, कोपऱ्यात संदेशचा अंगठा. डॉ. म्हणाले, ज्या रेषेवरून माप घ्यायचं तीच यात नाही. यावरून काही सांगणं म्हणजे फसवणूक. माझ्या हाडाचा एकुलता एक फोटो आणि अंगठा मात्र स्पष्ट आलाय.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल की," मी म्हटलं. रेकॉर्डला विचारा म्हणाले. पहिला सापडेपर्यंत वजन वाढवायचं नाही. जिने नाहीत. "जांघेत दुखतं का? वाटी हलत असेल तर तिथे दुखतं." नाही म्हणालो. दुखत नाही. परवा एकदा दुखलं होतं, पण तेव्हा मी रागावलो होतो.

२६ फेब्रुवारी
रेकॉर्ड म्हणजे तळघरातली एक खिडकी. सुवर्णा नावाची बाई बसते. पस्तिशीची असेल. तिने कॉम्प्युटरवर नाव टाकलं, पुन्हा टाकलं. "काका, जानेवारीत सिस्टीम बदलली. जुनं सगळं बॅकअपला गेलंय. तिकडून मागवावं लागेल."

कधी? "ते आमच्या हातात नाय."

मग कुणाच्या हातात आहे? तिने रजिस्टर काढून दाखवलं, फिल्म पेशंटला दिली, खाली माझी सही. मी म्हटलं, त्या दिवशी मी शुद्धीत होतो पण आडवा होतो, चार सह्या घेतल्यात, कशावर घेतल्यात ते कुणी वाचून दाखवलं नाही. फिल्म मला मिळालेली नाही. तुमच्याकडेच पडली असणार, शोधा.

"शोधते काका." खडवलीहून येते म्हणे रोज. मी म्हटलं, मी माजिवड्याहून वॉकरवर आलोय.

२८ फेब्रुवारी
फोन केला. नाही सापडली. बॅकअप उघडत नाही. शांतपणे सांगते, जसं काही दूध नासलं. अहो, तिकडे माझं हाड लागतंय का दबतंय हे त्या फिल्मवर आहे. घरात सगळ्यांची झडती घेतली. संदेशची गाडी. गौरीचं कपाट. धुणंभांड्याच्या मावशींनाही विचारलं, त्या रागावल्या. उ. माझ्याकडे बघते आणि आत जाते. तिला काय, ती लिफ्टने राहील.

३ मार्च
मेडिकल सुपरिंटेंडंटना पत्र. तीन पानं, माझ्या अक्षरात. एकेक मुद्दा वेगळा. सहा आठवड्यांचा एक्सरे का झाला नाही. जुना डेटा नव्या मशीनमध्ये न घेताच जुनं बंद कसं केलं. आणि रेकॉर्डमधल्या संबंधित कर्मचारी यांनी माझी फिल्म हलगर्जीपणाने गहाळ केली असून वर माझ्याच सहीचा दाखला देतात. "संबंधित कर्मचारी" खाली रेघ मारली. संदेश म्हणाला, बाबा, बाईच्या नोकरीचा प्रश्न असतो. मी म्हटलं, माझ्या पायाचा आहे. नेऊन द्यायला लावलं.

मस्त झोप लागली.

७ मार्च
सुपरिंटेंडंटच्या ऑफिसातून फोन. तक्रारीची दखल घेतली आहे, संबंधितांना मेमो दिला आहे, तीन दिवसांत खुलासा. तुम्ही तारीखवार हकीकत लेखी द्यावी. देतो ना. ही वही कशाला लिहितोय मग.

९ मार्च
तारीखवार हकीकत काढायला सकाळी वही घेऊन बसलो. २ डिसेंबरपासून एकेक.

२९ जानेवारी, पाच आहेत.
३ फेब्रुवारी, सहा लखलखीत काचा.

तीनदा वाचलं. बोटं मोजली, एक ते पाच, अगदी बालवाडीसारखी.

तारेच्या घासणीने अर्धा तास. मजा आली, असं लिहिलंय. माझंच अक्षर. आताच्या फिल्म वेगळ्या असतात, सोड्याला दाद देत नाहीत, एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. मला. मी पालथी टाकली. मी घासली. मी त्यावर मोर काढला.

दुपारी जेवलो नाही. गौरी म्हणाली, पुन्हा काय बिनसलं? काही नाही म्हटलं. आत्तापर्यंत ज्यांच्यावर ओरडलो त्यांची यादी करायला घेतली होती, अर्ध्यावर सोडली.

१० मार्च
उ. ला सांगितलं. डाळ निवडत होती. मान वर केली नाही.

"मला त्याच दिवशी आठवलं. डॉक्टरांनी फाईल उघडायला लावली तेव्हाच."

मग बोललीस का नाहीस?

"स्टुलावर उभी राहून बोलतच होते. सगळे म्हणजे कपाटावर ठेवलेला तो नवापण का, असं विचारत होते. तुम्ही पुरतं बोलू दिलंत?"

पण नंतर? एवढे दिवस? मी त्या बाईवर पत्र लिहिलं.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? माझ्यावर लिहिलं असतंत."

यावर मला संताप आला. चूक माझी, लपवली हिने, आणि बोलून वर हीच मोकळी. आणि खरी गोष्ट ही की तिने सांगितलं असतं तर मी तिच्यावरच लिहिलं असतं. तीन पानं नाही, पण बोललो असतो तीन महिने.

विचारलं, मोर कुठाय? नेने वहिनींकडे. त्याचा उपयोग काय आता. काच आहे ती. घासून घेतलेली.

१२ मार्च
गेलो. एकटा जायचं म्हणत होतो, संदेश सोडायला आला. त्याला गाडीतच बसवलं.

आधी डॉक्टर. सगळं सांगितलं, सोडा, घासणी, मोर. डॉ. पाच सेकंद माझ्याकडे बघत राहिले आणि हसायला लागले. चष्मा काढून हसले. असिस्टंटही. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे ते मलाही सांगा, तीन महिने हसलो नाहीये. मग सावरले. म्हणाले, "ठीक आहे. आता २५ फेब्रुवारीचाच पहिला धरायचा. मेअखेर दुसरा काढू. तेवढ्यात हलली तर हलतेय, नाही हलली तर लागतंय."

म्हणजे मेपर्यंत कुणालाच माहीत नाही?

"नाही. आणि नुसतं झोपूनही राहायचं नाही. हाडाला थोडा भार लागतो, त्याशिवाय ते भरत नाही. जास्त झाला तर चुरा दबतो."

थोडा म्हणजे किती? "वीस-पंचवीस किलो, वॉकरवरच. वॉकर सोडायचा नाही. जिना नाही." बरं आहे. भार दिला तर पडेल, नाही दिला तर भरणार नाही. याला शास्त्र म्हणतात आणि फळ्यावर दोन रेघा मारायला आम्हाला डिप्लोमा लागतो.

मग तळघर. खिडकीशी उभा राहिलो. सुवर्णाबाई समोर रजिस्टर उघडून बसल्या होत्या. काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, फिल्म माझ्याकडेच होती. मी धुतली. चूक माझी, तुमची नव्हे. तसं लेखी सुपरिंटेंडंटना देऊन आलोय, ही त्याची प्रत.

तिने प्रत वाचली. सगळी. दुसऱ्या पानाच्या मागेही बघितलं.

"मी तुम्हाला रजिस्टर दाखवलेलं काका. सही दाखवलेली."

हो.

"तीन दिवस मी ते गोडाऊन उपसलंय. दम्याचा त्रास आहे मला. तुम्ही विचारलेलं का घरी, नीट?"

सगळ्यांना विचारलं होतं, म्हणालो.

"स्वतःला सोडून," म्हणाली. प्रत घेतली, फाईलला लावली. "मेमो काय परत घेत नाय ते. लागला तो लागला." मी म्हटलं मी पुन्हा भेटतो साहेबांना, बोलतो. "नको. तुम्ही बोललात की अजून वाढेल." आणि मागच्या माणसाला, "हं, नाव सांगा."

वॉकर वळवायला त्या बोळात जागा नाही. उलटा चालत बाहेर आलो.

१३ मार्च
तरीही सुपरिंटेंडंटना फोन लावला. मेमो मागे घेण्याचा अधिकार कमिटीचा. कमिटी कधी बसते, तर महिनाअखेर. मी म्हटलं, द्यायला एक दिवस लागला, मागे घ्यायला कमिटी? कुणीतरी म्हणालं, होल्ड करा. केलं. वीस मिनिटं गाणं ऐकलं. रोज लावणार आहे, बघू कोण कंटाळतं.

१६ मार्च
आजही लावला. आता आवाज ओळखतात.

ब्लांच आली. काट्यावर बावीस. "बराबर. आता रोज एवढाच." जांघेत बारीक काहीतरी वाटलं. तिला सांगितलं नाही. मग सांगितलं. तिने बोटाने दाबून बघितलं, हिते का हिते, मला ठरवता येईना. "दुकला तर कुटं दुकला ते लिवून ठेवा अंकल." लिहून ठेवण्याबद्दल मला कुणी शिकवायची गरज नाही, म्हणणार होतो. नाही म्हणालो.

१९ मार्च
पाडवा. इथे अकराव्या मजल्यावर गुढी बाल्कनीच्या कठड्याला. गौरीने छान उभारली. कडुलिंब खाल्ला, तोंड अजून कडू. उ. पहाटेच डोंबिवलीला गेली, रांगोळीला हात लावायला. आज सणाच्या दिवशीसुद्धा. संध्याकाळी आली, पाय दुखत होते तिचे, पण तोंडावर काहीतरी होतं. कशी झाली रांगोळी म्हणून मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

गौरी जेवताना म्हणाली, ऑफिसातली ती मे महिन्यापर्यंत थांबायला तयार आहे. एक्सरे आला की ठरवू. म्हणजे माझ्या हाडाला आता भाडेकरूही लागून राहिलेत.

२० मार्च
घरी दोघंच होतो. उ. ने पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, मी सोमवारी जाते.

गुरुवारी जातेस ना?

"राहायला जाते. गौरीला कालच सांगितलंय. घर कुणाला द्यायचं नाही, मी आहे तिथं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तुला तर इथे आवडतं. लिफ्ट, बाग.

"असं मी कधी म्हटलं? तुम्ही म्हणालात. गौरी म्हणाली. मला तिथं राहायचंय. माझे गुडघे चढतायत तोवर तरी. दर गुरुवारी जाऊन बसत होते ते काय उगाच? तिथं मला कुणी हाक मारत नाही."

आणि मी? मी चढू शकत नाही. मेपर्यंत तर नाहीच. नंतरही माहीत नाही. वाटी हलली असली तर कधीच नाही.

"लेक आहे की. ब्लांच आहे. गुरुवारी मी येईन इकडे, डबा घेऊन. तुमचं हाड लागलं की तुम्ही या."

आणि नाही लागलं तर?

ती उठली, आत गेली.

चाळीस वर्षं. तीन महिने मी एका घरासाठी दात खातोय, मुलीशी भांडतोय, जिने मोजतोय, आणि ही मला इथे ठेवून तिथे राहायला जाणार, माझ्याच घरात. वर डबा. मी तसाच मागे गेलो. म्हटलं, मला न विचारता तू गौरीला सांगतेस, आमचं दोघांचं ठरायच्या आधी, मला इथे टाकून... ती ओट्यापाशी वळली आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता खाली बघायला लागली. मग मीही बघितलं. माझे दोन्ही हात मोकळे होते. वॉकर हॉलमध्ये खुर्चीपाशी. मधे सात-आठ पावलं.

ओरडली नाही. "तिथेच उभे राहा," म्हणाली. ओट्याची कड धरली मी. तिने वॉकर आणला, हात त्यावर ठेवून दिले, एकेक. खुर्चीपर्यंत सोबत आली. बसल्यावर विचारलं, "कुठं दुखतंय? जांघेत?"

थांब, म्हटलं. बघू दे.

तास झाला. अजून बघतोय. गौरीला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलंय, सोमवारी ब्लांचला सांगायचं. उ. समोर बसून तिच्या साड्यांच्या घड्या करते आहे.